पार्वताबाईंच्या चौकटीत तानीबाई

मी एका लेकीला तिची आई म्हणून दुसरीच बाई दिली. चुकून नाही, जाणूनबुजून दिली. काच पुसून दिली, वर चंदनाचा हार स्वतःच्या हाताने घातला. लेक त्या फोटोच्या पाया पडली आणि मी तिला पडू दिलं.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी दुसरेच अनुभव लिहायला घेतले. ते खोटे नव्हते, पण प्रत्येक वाक्याच्या आडून ती बाई डोकावायची आणि म्हणायची, ‘माझं कधी?’ म्हणून आधी कबुली देऊन टाकली. आता बाकीचं सांगायला हात मोकळा झाला.

गेलेल्या माणसांचे फोटो करणं हा माझा धंदा. दुकान शहापूरला, त्याआधी बरीच वर्षं मुरबाडला होतं. पाटीवर ‘सर्व प्रकारचे फोटो व फ्रेम’ असं लिहिलंय, पण दोन्ही तालुक्यांत मला ‘हाराचे फोटो करतो तो’ म्हणून ओळखतात. मी लग्नात कॅमेरा घेऊन शिरलो, की म्हातारी माणसं हळूच जागा बदलून बसतात. एका आजोबांनी तर मला पंगतीतच विचारलं, “आमच्यातल्या कुनाचा अंदाज घ्यायला आलास का रे?”

काम असं चालतं. घरात कोणी गेलं की दहाव्याच्या आत माणसं फोटो घेऊन येतात. तो फोटो अंगठ्याएवढा असतो. त्याच्या कपाळावर कुठल्या तरी कचेरीचा शिक्का असतो, किंवा तो लग्नाच्या घोळक्यातून कापलेला असतो. मी तो मोठा करायचा, शिक्का पुसायचा, मिटलेले डोळे उघडायचे, खालचा भाग नसेल तर खांदे द्यायचे. पूर्वी हे सगळं ब्रशने चाले. आता कॉम्प्युटर करतो आणि शेवटचा हात मी ब्रशने फिरवतो. तेवढ्यासाठीच लोक अजून माझ्याकडे येतात, असं मला वाटतं. बायको म्हणते, उधार देतो म्हणून येतात.

एकदा तीन भाऊ आले. बाप जन्मभर बंडी आणि खांद्यावर टॉवेल एवढ्यावर राहिलेला. ते म्हणाले, कोट घाला. मी घातला. टाय पण द्या, म्हणाले. दिला. बाराव्याला फोटो पाटावर ठेवला, तर त्यांच्या आईने पदर पुढे ओढून घेतला आणि विचारलं, “ह्यो कोन साहेब? पंचायतीतून आला का?” मुलांनी समजावलं, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. जित्तेपनी कुनी घातला नाय.”

दुसरी एक बाई आली. नवऱ्याच्या मिशा कातरा, म्हणाली. “लगीन झाल्यापास्नं सांगते, आयकलं नाय. आता काय बोलनार हाय?” मी बारीक करून दिल्या. पावसाळा संपता संपता ती फोटो पिशवीत घालून परत आली. म्हणाली, “वाढवा परत. घरात परका मानूस बसल्यावानी वाटतंय.”

आणि एक हात आहे, तो मी विसरू शकत नाही. घोळक्यातून एका माणसाला कापून काढला, सगळं साफ केलं, पण त्याच्या खांद्यावर शेजारच्याचा हात तसाच राहिला. नुसता हात, त्याला माणूस नाही. फ्रेम लागल्यावर लक्षात आलं. मी माफी मागून म्हटलं, पुसून देतो. बायको म्हणाली, “नको. त्यो त्यांच्या दोस्ताचा हात हाय. त्योबी ग्येला. असू दे दोघं.” तेव्हा मी हसलो होतो. माणूस न दाखवताही माणूस दाखवता येतो, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. पण माझं डोकं तेव्हा भलतीकडे होतं. ‘हा मेलेलं माणूस हसवून देतो’ असं माझं नाव झालं होतं, आणि त्या नावापुढे मला काही दिसत नव्हतं.

आता तानीबाई.

मी मुरबाडला होतो तेव्हा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून ही बाई आपल्या पायांनी दुकानात आली. काळीसावळी, दात दोन कमी, चालणं घोड्यासारखं.

“फोटो काढायचाय,” ती म्हणाली.

“कसला? पासपोर्ट?”

“म्येल्यावरचा.”

“कोण गेलं, मावशी?”

“मीच जानार. आज नाय तर उद्या. माझी पोरं आळशी हायत रे. आधारकार्डावरचा मोठा करून लावतील, आनि त्यात मी कोंबडी चोरल्यावानी दिसते. तू आत्ताच काढ. मी हसते.”

आणि ती हसली. आयुष्यात मी जे काही फोटो काढले त्यातला तो सगळ्यात चांगला. जिवंत माणसाचा असल्यामुळे असेल. फ्रेम करून नेताना तिने मला बजावलं, “हार आत्ता नाय घालायचा. मी गेल्यावर. घाई करू नको.”

फोटो ती घेऊन गेली, पण फाइल माझ्या हार्डडिस्कवर राहिली. मी दुकान शहापूरला हलवलं तेव्हा मुरबाडचे सगळे चेहरे माझ्याबरोबर आले.

शहापूरला बस्तान बसल्यावर सुमन आली. भातसानगरच्या वसाहतीत राहणारी, नवरा धरणावर कामाला. आई पार्वताबाई, जवळच्याच गावात एकटी राहायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. सुमन एकुलती एक. तिला वर्षश्राद्धाला आईचा फोटो हवा होता, आणि आईचा फोटोच नव्हता. मतदान कार्डावर काळा डाग होता, त्याला पदर आहे एवढंच कळे. मी म्हटलं, लग्नाचा अल्बम आणा. आणला. पार्वताबाई जवळजवळ प्रत्येक फोटोत होती आणि प्रत्येक फोटोत पाठमोरी होती. लेकीच्या लग्नात ती वाढत होती.

मी सुमनला समोर बसवून चित्र काढायला घेतलं.

“नाक कसं होतं?”

“आईसारखं.”

“डोळे?”

“मायेचे.”

“उंच होत्या?”

“मला तर उंचच वाटायची.”

तीन वेळा काढलं, तीन वेळा सुमनने मान हलवली. मग मी सुमनचाच चेहरा घेतला, सुरकुत्या घातल्या, केस पांढरे केले. ती म्हणाली, “ही मीच म्हातारी झाले, दादा.”

श्राद्ध दोन दिवसांवर आलं. अशा वेळी प्रामाणिक माणूस सांगतो, ताई, मला जमत नाही. मी हार्डडिस्क उघडली. त्या वयाची, त्या रंगाची, तशीच चापून लुगडं नेसणारी बाई शोधताना तानीबाई समोर आली आणि हसली. मी तिचे केस थोडे पांढरे केले, गाल आत घेतले, कुंकू पुसून तिथे गोंदण काढलं, लुगड्याचा रंग बदलला. मनात हिशेब असा, की मुरबाड आणि शहापूर नकाशावर शेजारी असले तरी सिद्धगडाच्या पायथ्याची बाई भातसानगरला मरायला कशाला जाईल? फोटोत मी तिला तिथे मारलीच होती, हे मला सुचलं नाही.

सुमनने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मी ब्रश धुवायच्या निमित्ताने पाठ केली.

“आई इतकी हसायची नाय,” ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, “पन हसली असती तर अशीच हसली असती.”

आणि ती पाया पडली.

जावयाने सासूचं तोंड कधी धड बघितलं नव्हतं, त्याला पाहिलं की ती पदर ओढायची. गावातले म्हणाले, जरा वेगळी दिसते, पण फोटोत काय, सगळेच वेगळे दिसतात. प्रकरण मिटलं, असं मी धरून चाललो.

काही वर्षांनी एका दुपारी मी काच कापत होतो. दारातून आवाज आला.

“राम राम. मी म्येले.”

काच वाकडी गेली. तानीबाई उंबऱ्यात उभी होती, अंगावर कोरी साडी.

“बसाया स्टूल दे. म्येलेल्या मानसाला उभं नाय करू. कवा म्येले ते कळवायचं तरी! तेराव्याला आले असते.”

मी स्टूल पुढे केलं. ती निवांत बसली, पाणी प्यायली आणि सांगायला लागली. तिच्या भाच्याची सोयरीक भातसानगरच्या वसाहतीतल्या मुलीशी जमली होती. साखरपुड्याला पाहुणे जास्त झाले, तेव्हा तिथल्या रीतीप्रमाणे शेजारच्या घरांनी पाहुणे वाटून घेतले. चहाला तानीबाई सुमनच्या घरी गेली.

“कोचावर बसले. वर बघते तर मी! हार घालून, उदबत्ती लावून. पयल्यांदा वाटलं आरसा हाय. मग म्हनलं, आरशाला हार कोन घालील?”

“मग? काय बोललात तुम्ही?”

“काय बोलनार? ती पोर च्या घिऊन आली, माझं तोंड बघितलं, आनि कप हातातनं सुटला. म्हनते, मावशी, तुमी माझ्या आईवानी दिसता. मी म्हनलं, दिसनारच गो.”

मी हसावं की नाही, कळेना.

“हस की. मी पन आतून हसत व्हते. मग ती गळ्यात पडली. लय रडली रे. रडून झाल्यावर सांगू म्हनलं, तर रडून झाल्यावर तिनं साडी आनली.” तिने पदर चाचपला. “ही. निघताना फोटो कुनी क्येला इचारलं, तर तुझंच दुकान निघालं.”

त्या दिवसापासून सुमन तिला सणासुदीला बोलवायला लागली. आणि तानीबाई शहापूरला आली की आधी माझ्या दुकानात डोकवायची. “हाय का रे यमदूत?” किंवा नुसतंच, “जित्ती हाय अजून. फ्रेम विकू नको.” गिऱ्हाईक समोर असलं तर मुद्दाम विचारायची, “म्येलेल्यांना सूट हाय का काय?” गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारी विनोदी आहे.

पितृपक्षात ती सुमनकडे जेवून आली, त्याचंही वर्णन तिने मला केलं. “माझ्याच फोटोसमोर पाट मांडलेला. माझ्याच सराद्धाचं जेवले. वडे ब्येस झाले व्हते. माझ्या पोरांना एवढं काय जमायचं नाय.” मग तिचा आवाज खाली आला. “पन पत्र्यावर पान ठेवलं त्याला कावळा शिवंना. सुमन हात जोडून हुबी. म्हनते, आई, काय ऱ्हायलं गो तुझं? सांग की. मी खाली मान घालून बसले, भावा. घास फिरत नव्हता तोंडात.”

गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा पानाला शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी मानतो की नाही हे त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं.

“मावशी, मला माफ करा,” मी म्हटलं.

“माझी माफी कशाला मागतोस? मला लेक मिळाली, साड्या मिळाल्या, सराद्ध आयतं झालं. तिची माग.”

“तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकेल.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी तो चेहरा फोटोत कधी धरू शकलो नसतो. “मी सांगितलं तर माझी लेक जाईल. तू सांगितलंस तरी जाईल. पन तू केलंस ना? मग निस्तर तू.”

मी म्हटलं, सांगतो. आणि सांगितलं नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. मी स्वतःला समजावत होतो की सुखी झालेल्या घरात दगड का टाकायचा.

मग सुमन फ्रेमची तडकलेली काच बदलायला दुकानात आली. मी काच बसवत होतो आणि ती कौतुकाने बघत होती.

“दादा, एक सांगू?” ती म्हणाली. “तुमचे लय उपकार हायत. आता डोळे मिटले की ह्या फोटोतलीच आई दिसते. हसताना. आधीची नायच दिसत.”

हे ती आभार मानून म्हणाली. तोवर मला वाटत होतं, मी भिंतीवर एक खोटा फोटो लावलाय, खऱ्याला काही झालेलं नाही. पार्वताबाई गेली ती एकदा. लेकीच्या डोळ्यांमागे जी उरली होती, तिला मी पुसत होतो, शिक्का पुसतात तशी.

त्यानंतर मी चित्र काढायला बसलो की हात चालेना. कुणाचेही डोळे उघडायला घेतले की तानीबाई हसायची.

अशात आसनगावजवळच्या कारखान्यातला एक फिटर आला. त्यांच्याकडे जपानी यंत्र बसवलं, त्याच्याबरोबर भिंतीवरची कॅलेंडरं आली होती. त्यातल्या एका पानाला त्याला फ्रेम हवी होती. पान मोठं होतं. पूर्ण सोनेरी वर्खाची जमीन, त्यावर काळ्या चकचकीत लाकडाची, कपडे टाकायची उभी चौकट, आणि तिच्या आडव्या दांड्यांवर टाकलेले रुंद बाह्यांचे रेशमी कपडे. एक फुलाफुलांचा, एक पाण्याच्या लाटांचा, एक अर्धवट घसरलेला. बस्स. माणूस नाही, खिडकी नाही, झाड नाही.

“बाई कुठाय यात?” मी विचारलं.

“आमीपन तेच विचारलं जपानी साहेबाला,” फिटर म्हणाला. “तो हसला. म्हनला, आत्ताच उठून गेली.”

पानाच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजी होतं. जेवढं कळलं तेवढं असं, की जपानात शेकडो वर्षांपूर्वी घडीच्या मोठ्या पडद्यांवर अशी चित्रं काढायचे. त्यांना ‘तागासोदे’ म्हणतात. त्याचा अर्थ, ‘कोणाच्या बाह्या?’ माणूस काढायचाच नाही, त्याने ठेवलेले कपडे काढायचे. बघणाऱ्याने ते कपडे बघून ती कोण, कशी, कुठे गेली, ते आपल्या मनाने बघायचं.

फिटर फ्रेम न्यायला लवकर आलाच नाही, म्हणून मी ती दुकानात टांगली. लोकांना विषय मिळाला. “जपानात पन धुनं घरात वाळत घालतात?” “इस्त्रीचं दुकान काढलं का?” एक जण म्हणाला, “आता फोटोवाल्याकडं मानसं संपली वाटतं, कापडं लावतोय.”

मग तानीबाई आली. स्टुलावर बसली, टोमणा मारायला तोंड उघडलं, आणि चित्र दिसलं तशी गप्प झाली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिने बघितलं, उठून जवळ गेली, परत बघितलं.

“कुनाच्या घरची दांडी रे ही?” तिने विचारलं. “कुनाची लुगडी?”

जपानी माणसाने चित्राला जे नाव दिलं होतं, ते ही बाई सिद्धगडाच्या पायथ्याहून येऊन विचारत होती. आमच्याकडेही घरात आडवी बांबूची दांडी टांगतात आणि बायका तिच्यावर लुगडी टाकतात. मी जन्मभर त्या बघितल्या होत्या. त्यांच्याखालून वाकून गेलो होतो.

“बाई गेली वाटतं,” तानीबाई म्हणाली आणि स्टुलावर येऊन बसली. त्या दिवशी तिने मला एकही टोमणा मारला नाही.

मी सुमनला फोन केला. म्हटलं, तुमच्या आईचं घर एकदा बघायचंय, चित्र काढतो. तिला आनंदच झाला. पार्वताबाईचं घर बंद होतं. सुमनने कुलूप काढलं. आत कारवीच्या कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन उकललेली, आणि मधोमध दांडी. दांडीवर एक हिरवं लुगडं, घडी न घातलेलं, एक टोक लोंबतं.

“आईनं वाळत टाकलेलं,” सुमन म्हणाली. “तसंच ठेवलंय. काढवत नाय.”

कोनाड्यात मशेरीची डबी होती, झाकण अर्धं उघडं. कुडाला इरलं टांगलेलं होतं, लावणीच्या वेळी पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं. त्याच बाजूला, दाराजवळ, कुडात विळा खोचलेला होता. मी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं.

ते चित्र मी मोठ्या कापडावर केलं. जपान्यांनी सोन्याचा वर्ख लावला होता. मी भाताच्या पेंढ्याचा पिवळा घेतला, उन्हातल्या पेंढ्याचा. त्यावर दांडी, लुगडं, डबी, इरलं, विळा. फक्त एक गोष्ट केली. दाराच्या डाव्या बाजूला इरलं आणि विळा दोन्ही आले की गर्दी व्हायची, म्हणून विळा उचलून उजवीकडे नेला. चित्र तोलून धरायला. सवयीचा हात, विचारतो कशाला.

पितृपक्ष लागायच्या आधी मी आणि तानीबाई एसटीने भातसानगरला निघालो. तिने सुमनने दिलेली पहिली साडी नेसली होती. मांडीवर चित्र धरून मी मनात भाषण जुळवत होतो. त्यात श्राद्धाची घाई होती, मतदान कार्डाचा काळा डाग होता, तिसऱ्यांदा फसलेलं चित्र होतं.

“तोंड सरळ कर,” तानीबाई म्हणाली. “माझ्या मयताला चालल्यावानी बसलायस.”

“मावशी, आधी चित्र देतो, मग सांगतो.”

“आधी पेढा, मग कडू काढा? भित्रा हायस.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “परत आपन याच एसटीनं जाऊ ना? मग झालं.”

सुमनचा नवरा धरणावर ड्युटीला गेला होता. घरात ती एकटी. आम्हाला दोघांना एकत्र बघून तिला नवल वाटलं, पण तानीबाईचा हात धरून तिने तिला कोचावर बसवलं, फोटोच्या बरोबर खाली. वर हार घातलेली तानीबाई आणि खाली घाम पुसणारी तानीबाई. मी तिकडे बघायचं टाळलं आणि खुर्चीवर चित्र टेकवून त्यावर गुंडाळलेला कागद काढला.

सुमन चहा टाकायला निघाली होती, ती अर्ध्यावर थांबली. लुगडं बघितलं. डबी बघितली. “ही डबी मी लपवून ठेवायची,” ती म्हणाली आणि हसली. “सोड म्हनून सांगायची तिला.” मग तिची नजर उजवीकडे गेली.

“इळा हिकडं का?”

मी चित्र थोडं उजेडाकडे वळवलं.

“आई डावरी व्हती, दादा. इळा ह्या बाजूला. शेतावरनं आली की आत पाय टाकता टाकताच अशी खोचायची.” तिने डावा हात वर केला आणि हवेत खोचला. मग तिचा उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला. “आनि ह्या हातानं पदरानं कपाळ पुसायची. असं. इळा खोचला की लगेच. आनि मला हाक मारायची, सुमे, पानी दे गो.” तिचे दोन्ही हात तसेच राहिले, एक कुडाशी, एक कपाळाशी. मान थोडी वाकडी झाली होती. डोळे मिटले होते.

“दिसली,” ती म्हणाली. “आत्ता दिसली. हसत नाय. दमलीय.”

कोचावरून तानीबाईचा हळू आवाज आला. “बोल आता.”

माझं भाषण एसटीतच राहिलं होतं. मी म्हटलं, “ताई, वरचा फोटो तुमच्या आईचा नाही. तो या मावशींचा आहे. मी काढलेला, मुरबाडला.”

सुमनने डोळे उघडले. वर बघितलं, खाली बघितलं. तानीबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. तिला पदर ओढताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

“व्हय गो,” ती म्हणाली. “मीच ती.”

“मग माझी आई?” सुमनने मला विचारलं.

“त्यात तुमच्या आईचं काहीच नाही. कपाळावरचं गोंदणसुद्धा माझ्या हातचं आहे.”

तिने स्टूल ओढलं, चढली, आणि सगळ्यात आधी हार काढला. “जित्त्या मानसाला हार नाय घालत,” ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. फोटो खिळ्यावरून उतरवला आणि काच पदराने पुसून तानीबाईच्या मांडीवर ठेवला. तानीबाईने फोटोवरचा सुमनचा हात तिथेच दाबून धरला. सुमनने तो सोडवून घेतला नाही.

भिंतीवर चौकोनी पांढरा ठसा राहिला होता. ती त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

“नाय जमत म्हनला असता, दादा, तर काय झालं असतं?” ती म्हणाली. “भिंत मोकळी ऱ्हायली असती. ऱ्हाऊ द्यायची. मोकळी भिंत बघून आईच आठवली असती ना मला.”

मी पुढे झालो. हात जोडले होते की नाही, आठवत नाही.

“तुमच्या आईचा चेहरा मला जमला नव्हता, ताई,” मी म्हटलं. “तेवढंच तेव्हा सांगायचं होतं. ते सांगायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्याचं हसू आणून तुमच्या भिंतीवर लावलं. माझं चुकलं. चेहऱ्याचंही आणि विळ्याचंही. मला माफ करा.”